समोवारावरचं नाव

मित्रांनो, मी एक जुना समोवार आहे. म्हणजे पाणी उकळायचं पितळी रशियन भांडं; पोटात कोळसा, खाली तोटी. सध्या मुक्काम फ्रिस्को, टेक्सस.

माझ्यासारखे समोवार रशियात ढिगाने बनत आणि नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशांना 'मैत्री' म्हणून वाटले जात. भारत तेव्हा नव्या जावयासारखा मिरवत होता. सकाळी अमेरिकेच्या गव्हाची पोळी खायची, दुपारी रशियाच्या मदतीने पोलाद गाळायचं आणि संध्याकाळी आपण कुणाचेच नाही असं भाषण ठोकायचं. दोन्ही सासुरवाड्या खूश.

भिलाईच्या पोलाद कारखान्यात एका समारंभात रशियन साहेबांनी मला गुरुनाथ नावाच्या तरुण इंजिनिअरच्या हाती दिलं. साहेब रशियनमध्ये बोलले, हे इंग्रजीत; दोघांनी माना डोलावल्या. मला वापरतात कसं, हे त्यांनी सांगितलं नाही, यांनी विचारलं नाही. दोन देशांची मैत्रीही साधारण अशीच चालली होती. घरी त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या काकूंनी, माझ्यात दूध, साखर, चहापत्ती आणि आलं एकदमच उकळलं. दूध करपलं, तोटी तुंबली. "रशियन माल, दुसरं काय," असा निकाल लागून मी शोकेसमध्ये गेलो. तरी भेट आलेल्या भांड्यावर घालतात तसं काकूंनी माझ्यावर नाव घालून घेतलं: 'रशियन मित्रांकडून, भिलाई'. पाहुणा आला की गुरुनाथराव त्यावर बोट ठेवून वाचून दाखवत. काकू गेल्या आणि ते मुलीकडे, नीलाकडे, अमेरिकेला आले. विमानात मी त्यांच्या मांडीवर होतो.

२००४ साली त्यांच्या नागरिकत्वाची मुलाखत ठरली. ते मिळालं तर नागपूरला राहिलेल्या त्यांच्या मुलाला पुढेमागे बोलावता येणार होतं. जावई गिरीश म्हणाले, "बाबा, कम्युनिस्टांशी कधी संबंध होता का, हे विचारतातच. हा पीस घरात ठेवणं रिस्की आहे."

"अरे, ऑफिसर काय आपलं शोकेस बघायला येणारे?" नीला म्हणाली.

"आला तर?" म्हणत गुरुनाथराव कानस घेऊन बसले. पोलादात आयुष्य गेलेला माणूस. हात चांगलाच चालला. काकूंनी घातलेली अक्षरं गेली, एक ओरखडा उरला.

मुलाखतीत साहेबाने तो प्रश्न विचारला, यांनी "नो" म्हटलं आणि त्याने मान वर न करता पुढचा प्रश्न घेतला. भिलाई हे गावाचं नाव आहे की भाजीचं, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं.

शपथविधीनंतर इथल्या मराठी मंडळातली माणसं जेवायला आली. एका पाहुणीने मला बघून विचारलं, हे कुठलं हो? आता कसलीच भीती नव्हती. नीला बाबांकडे बघत राहिली.

गुरुनाथरावांनी ओरखड्यावर हात ठेवला. "इथलंच. डॅलसला एका अँटिक शॉपमध्ये मिळालं."

नीला उठून आत निघून गेली.

मित्रांनो, भांडी घासावीत, लख्ख घासावीत. घरच्या बाईने हौसेने घातलेलं नाव तेवढं घासू नका.