फ्यूजच्या जागी

झाकणाचा शेवटचा स्क्रू फिरेना, तेव्हा तिनं पेचकस फटीत खुपसून झाकण सरळ उचकटलं. जळका वास भपकन बाहेर आला. आतला बोर्ड अर्धा कोळसा झाला होता. तिनं इन्व्हर्टर बाजूला सारला, मागच्या लाल केबलवरून बोट फिरवत बॅटरीपर्यंत गेली आणि तिथंच थांबली.

"दादा, इकडे ये."

दादा दारात उभा होता. दुधाच्या गाडीची फेरी संपवून नुकताच आलेला, चपलाही पायातच होत्या.

"बोर्ड गेला का गं?"

"बोर्ड जाऊ दे खड्ड्यात. अंगावर हजार वॅट लिहितात आणि चारशेला धापा टाकतो, असला स्वस्तातला डबा. तो कधीतरी जाणारच होता. म्हणून तर नवा घेऊन आलेय. हे काय आहे ते सांग."

केबलवर फ्यूजची डबी तिनंच बसवली होती, गेल्या खेपेला. डबीत फ्यूज नव्हता. त्याच्या जागी तांब्याची उघडी तार गुंडाळलेली होती. तार काळीनिळी पडली होती, केबलचं रबर वितळून खालच्या फळीवर ओघळलं होतं आणि फळीला पंजाएवढा डाग पडला होता, बोट लावलं की राख सुटेल असा.

विजेचे खांब रस्त्याच्या वळणापर्यंतच आलेले. पुढच्या या एकट्या घराला छपरावरची पॅनेलं, दोन बॅटऱ्या आणि हा डबा एवढाच आधार होता. त्यावर दिवे, पाण्याचा पंप आणि एक छोटा फ्रिज. फ्रिजमध्ये दादाच्या मुलीचं इन्सुलिन.

"बोल ना."

"तात्पुरती घातली होती," दादा म्हणाला.

"तात्पुरती! फ्यूज उडतो तो काय चेष्टा म्हणून? काहीतरी जास्त ओढलं जातंय, थांब, असं ओरडून सांगतो तो. तू त्याचं तोंडच दाबलंस. काल वहिनीला वास आला नसता तर फळी पेटली असती, मग पडदा, मग छप्पर. आत पोरगी झोपली होती ना?"

"होती."

"आणि वहिनीचा हात बघितलास?"

वहिनीनं हाताला टॉवेल गुंडाळून बॅटरीवरची केबल ओढून काढली होती. तिच्या दोन बोटांना आता पट्टी होती. ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, नणंदेकडे एकदा बघून आत गेली.

"मला एक फोन करता येत नव्हता? दुकान बंद करून आले असते मी. गाडी चालवतोस ती चालव. ज्यातलं कळत नाही त्यात हात घालायला कुणी सांगितलं?"

दादानं मान खाली घातली. त्यानंच ती जास्त भडकली. लहानपणापासून हा असाच. भांडण अंगावर आलं की दगड व्हायचा, आणि समोरचा ओरडून ओरडून वेडा ठरायचा.

"काय आरडाओरडा चाललाय?"

अप्पा काठी टेकत बाहेरच्या खोलीतून आले. जन्मभर वायरमन म्हणून राबलेला माणूस. लोकांनी बोलावलं की आधी मेन स्विच बघणार, मग चहाला हात लावणार. तिला हे काम त्यांनीच शिकवलं होतं, दादाला शिकवून शिकवून हात टेकल्यावर. ते वाकले, चष्मा कपाळावर सरकवून डबीजवळ डोळे नेले, आणि त्यांचा चेहरा लाल झाला.

"कोण गाढव हे? फ्यूजच्या जागी तार? कुणी केलं हे?"

"मी, अप्पा," दादा म्हणाला.

"तू! वायरमनचा मुलगा ना तू? हात तोडला पाहिजे असल्या माणसाचा! घर जाळायला निघाला होतास?"

तिला बरं वाटलं. आपल्या बाजूनं कुणीतरी बोललं. तिनं पक्कड उचलली आणि तार सोडवायला घेतली.

तार सुटेना. डावीकडून उजवीकडे, एकाला एक लागून बसलेले वेढे, मधे केसाचीही फट नाही. शेवटचं टोक उलटं दुमडून आत दाबलेलं, उद्या कुणी हात घातला तर बोटाला टोचू नये म्हणून. दादा तार गुंडाळतो ती पिशवीचं तोंड बांधल्यासारखी. असं टोक दुमडणारं माणूस तिला एकच माहीत होतं.

तिनं वर बघितलं. दादा तिच्याचकडे बघत होता. त्यानं मान अगदी किंचित हलवली. नको.

"पाणी पिऊन येते," ती म्हणाली.

स्वयंपाकघरात वहिनी डाव्या हातानं भांडी लावत होती.

"कधीपासून?"

"पावसाळ्याच्या आधीपासून असेल, हे विसरणं." वहिनीनं आवाज खाली आणला. "परवा आम्ही दोघं बाहेर होतो. फ्यूज उडाला असणार, फ्रिज बंद पडला असणार. नातीचं औषध खराब होईल म्हणून केलं असेल त्यांनी. काल वितळल्यावर आम्हाला कळलं. विचारलं तर म्हणाले, मी कशाला हात लावू? खरंच आठवत नव्हतं गं त्यांना."

"मला का नाही सांगितलं?"

"तुझा भाऊ नको म्हणाला. ती त्यांच्याकडे शिकली, म्हणाला, तिला नको कळायला."

ती पाणी न पिताच परत आली. राग तसाच होता, फक्त तो कुणावर काढायचा हे आता कळत नव्हतं. अप्पा स्टुलावर बसून दादाला फ्यूज कशासाठी असतो ते समजावत होते. एक शब्दही चुकत नव्हता. पन्नाशीचा दादा फरशीवर मांडी घालून ऐकत होता.

"सांगा त्याला अप्पा, चांगलं सांगा," ती म्हणाली. आवाज हवा तेवढा चढेना, म्हणून तिनं तो चढवला. "डोक्यात काही शिरेल तर शपथ!"

मग ती कामाला लागली. जळकी केबल कापून तिच्या दुप्पट जाड, आखूड केबल टाकली. नवा इन्व्हर्टर भिंतीला ठोकला. फ्यूजऐवजी ब्रेकर बसवला, उडाला तर खटका वर करायचा, बदलायला काही नाही. सगळ्यावर पत्र्याची पेटी लावून तिला कुलूप घातलं. फ्रिज घरघरला आणि चालू झाला.

"कुलूप कशाला?" अप्पांनी विचारलं.

"दादासाठी."

"बरं केलंस." अप्पांनी तळहात पुढे केला. "किल्ली माझ्याकडे दे. याचा काही भरवसा नाही."

दादानं खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

तिनं जुडगा काढला, त्यात जरा चाचपडली आणि एक किल्ली सोडवून अप्पांच्या हातावर ठेवली. ती तिच्या दुकानाच्या मागच्या दाराची होती. अप्पांनी ती मुठीत घट्ट धरली.

"आणि आता बास कर त्याला बोलणं," ते म्हणाले. "चुकतं एखाद्या वेळी माणसाचं."