डाव्या बाजूची खिडकी

नव्याचे नऊ दिवस असतात म्हणे. जतनकाकांच्या कॅम्परव्हॅनचे ते नऊ दिवस चौदा वर्षं चालले होते.

गाडी घेतली त्या दिवशी सीटांवर जे प्लास्टिक होतं, ते अजून सीटांवरच होतं. आत एक पलंग होता, त्यावर कुणी झोपलं नव्हतं. दोन शेगड्या होत्या, त्यांवर कधी पाणीसुद्धा उकळलं नव्हतं. प्रत्येक वस्तूला बारीक दोऱ्याने एक पुठ्ठ्याचं कार्ड बांधलेलं होतं आणि त्यावर मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेलं होतं: 'शेगडी. न वापरलेली.' 'पलंग. न वापरलेला.' 'कपाट, डावे. रिकामे.'

यात काकांचा तसा फार दोष नव्हता. माणसाने चाळीस वर्षं वस्तुसंग्रहालयात जुन्या वस्तू जपायचं काम केलं होतं. हजार वर्षांपूर्वीच्या कंगव्याचा एक दातही त्यांच्या हातून कधी तुटला नव्हता. 'हात लावू नये' हे शब्द त्यांनी इतक्यांदा लिहिले होते की घरी आल्यावर चहाचा कप उचलतानाही ते क्षणभर थबकायचे. गल्लीतल्या पोरांनी त्यांना जतनकाका हे नाव ठेवलं, आणि ते इतकं चपखल बसलं की पोस्टमनही तेच म्हणू लागला.

त्यांच्या बायकोला सगळी गल्ली 'बाई' म्हणायची, कारण अर्ध्या गल्लीला त्यांनी भूगोल शिकवला होता. बत्तीस वर्षं त्या फळ्यावर तीच नदी काढत आल्या होत्या. डोंगरात उगम, मग वळणं, मग दोन उपनद्या, आणि शेवटी फळ्याच्या कोपऱ्यात समुद्राला मिळते ते मुख. ते मुख बाईंनी स्वतः कधी पाहिलं नव्हतं. दोघं निवृत्त झाले की नदीच्या काठाकाठाने मुखापर्यंत जायचं, वाटेत गाडीतच राहायचं, असं ठरलं होतं. गाडी घेतली ती त्यासाठीच.

घेतली मात्र, आणि काकांनी कुठेतरी वाचलं की अशी गाडी वीस वर्षं टिकते आणि चालवलेल्या प्रत्येक किलोमीटरागणिक तिची किंमत उतरते. झालं. "अजून थोडी जपू, मग जाऊ," असं ते म्हणाले. मग पाऊस होता, मग ऊन होतं, मग टायर नवे होते, मग टायर नवे राहिले नव्हते. पहिली काही वर्षं बाईंनी विचारलं, नंतरची काही वर्षं टोमणे मारले, आणि मग विचारणंच सोडून दिलं. बायको गप्प झाली म्हणजे तिला पटलं, असं काका समजले. नवरे समजतात तसं.

दर रविवारी सकाळी दहाला पाहणी व्हायची. काका पांढरे सुती हातमोजे घालून गाडीवरचं आवरण काढायचे, इंजिन जागच्या जागी दहा मिनिटं चालवायचे, कार्डं सरळ करायचे. धूळ आणि किडे आत जाऊ नयेत म्हणून हवेची सगळी भोकं आणि खिडक्यांच्या फटी त्यांनी पांढऱ्या पट्टीने बंद केल्या होत्या. जिच्यात वाराही शिरत नाही ती पेटी उत्तम, हा संग्रहालयातला धडा त्यांनी घरच्या गाडीला लावला होता. आता कंगवा काही पावसात उभा नसतो, पण ते त्यांच्या कधी ध्यानात आलं नाही.

एका मंगळवारी सकाळी बाई चहा ओतता ओतता म्हणाल्या, "अहो, गाडीची जाहिरात दिलीय मी. अकराला एक बाई बघायला येतायत."

काकांचा कप हवेतच राहिला. "कुठल्या गाडीची?"

"आपल्याकडे काय गाड्यांचा ताफा आहे?"

"अगं, पण जायचंय ना आपल्याला!"

"जायचं होतं. आता माझा गुडघा त्या पायरीला नाही म्हणतो. दोन महिने झाले." बाईंनी चष्मा नाकावर वर सारला. तो जुना होता, एक काडी दोऱ्याने बांधलेली. नवा चष्मा दोन महिन्यांपूर्वी हरवला होता आणि काकांनी तो पिठाच्या डब्यापासून वॉशिंग मशीनखालपर्यंत सगळीकडे शोधला होता. "ज्यांना चढता येतंय त्यांना देऊ. तुमच्या जपण्याचं निदान चीज तरी होईल."

हे त्या इतक्या सहज म्हणाल्या की काकांना भांडायलाही जागा उरली नाही.

आलेली बाई चाळिशीची होती, केसांत पेन्सिल खोचलेली, खिशात टॉर्च आणि हातात ओल मोजायचं एक छोटं यंत्र. जुन्या कॅम्पर घ्यायच्या, नीट करायच्या आणि विकायच्या, हा तिचा धंदा. गॅरेज तिचं स्वतःचं होतं. काकांनी तिच्यापुढे हातमोज्यांची जोडी धरली.

"काका, मी गाडी बघायला आलेय, ऑपरेशन करायला नाही," गॅरेजवाली म्हणाली आणि तशीच आत चढली. बाई दाराशी, खालीच उभ्या राहिल्या.

तिने आधी किलोमीटरचा काटा पाहिला. "अकराशे? चौदा वर्षांत?"

"त्यातले नऊशे घरी आणतानाचे," काका अभिमानाने म्हणाले.

"आणि उरलेले दोनशे?"

"टायरात हवा भरायला जावं लागतं ना."

गॅरेजवालीने बाईंकडे पाहिलं. बाईंनी आभाळाकडे पाहिलं.

मग ती भिंती वाजवू लागली. पुढे ठक ठक असा खणखणीत आवाज आला. मागे पलंगाजवळ नुसतं भद्द झालं. तिने यंत्र टेकवलं, ते कोकलायला लागलं. कोपऱ्यात तिने अंगठा दाबला आणि चहात बुडवलेल्या बिस्किटात जावा तसा तो भिंतीत गेला.

"हात ला..." काका म्हणाले.

"सडलीय काका. ही भिंत सगळी, आणि वर छपराचा हा कोपरा."

"शक्यच नाही! हिला कुणी हातसुद्धा लावलेला नाही."

"म्हणून तर." ती पलंगाच्या कडेवर टेकली. प्लास्टिक फर्रर्र वाजलं. "या गाड्यांचं इंजिन तीन लाख किलोमीटर ओढतं. गाड्या जातात त्या छपराच्या सांध्यांतून. केसाएवढी भेग पडते, थेंब थेंब पाणी येतं. गाडी वापरात असली की दारं-खिडक्या उघडतात, वारा लागतो, डाग कुणाच्या तरी नजरेस पडतो. तुम्ही तर पट्ट्या मारून ठेवल्यात. ओल जाणार कुठून?"

"पण धूळ..."

"धुळीनं कुणाची भिंत सडलेली ऐकलीय का? आणि ते टायर. दिसतात नवे, पण बोट फिरवून बघा, नुसत्या भेगा. माझ्याकडे एक एकतीस वर्षांची गाडी आली होती. मालकीण वर्षातले आठ महिने रस्त्यावर. पत्रा इतका चेपलेला की बघवत नव्हता, आणि भिंती खडखडीत कोरड्या! दोन दिवसांत गेली."

अति तिथे माती हे काका आयुष्यभर दुसऱ्यांना सांगत आले होते. इथे मातीच्या जागी ओला भुसा होता, एवढाच फरक.

गॅरेजवाली उठली आणि डाव्या भिंतीवर यंत्र टेकवलं. यंत्र गप्प. खाली, वर, कपाटाशेजारी, सगळीकडे गप्प.

"ही बाजू कशी काय कोरडी राहिली?" ती वाकून खिडकी पाहू लागली. "काका, ही पट्टी तुमची नाही. ही पार्सलला लावतात ती आहे. आणि रोज निघते, रोज लागते. कडा बघा."

काकांनी कडा पाहिली. मग त्यांनी दाराकडे पाहिलं. कॉपी करताना सापडलेल्या पोराचा चेहरा कसा होतो हे बाईंनी बत्तीस वर्षं पाहिलं होतं. आज तो चेहरा त्यांचाच झाला होता.

गॅरेजवालीने डावं कपाट उघडलं. कार्डावर 'रिकामे' असं स्वच्छ लिहिलेलं होतं आणि रिकामं कपाट उघडून बघायचं कशाला म्हणून काकांनी ते कित्येक वर्षांत उघडलं नव्हतं. आत एक उशी होती, थर्मासचा पेला होता, पेन्सिल होती, घडी घातलेला नकाशा होता, आणि त्याच्यावर एक चष्मा.

"माझा चष्मा!" बाई ओरडल्या आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

"तुला ठाऊक होतं? आणि मी दोन महिने पिठात हात घालतोय?"

"सांगणार कसं? वर चढता येईना आणि तुम्हाला काढून द्या म्हणता येईना."

"पण तू आत येत होतीस कधी?"

"तुम्ही दीड ते तीन झोपता तेव्हा. रविवार सोडून, पाहणी असते म्हणून."

"किती दिवस?"

"दिवस काय अहो, सहा वर्षं झाली असतील."

"आणि काय करायचीस इथे बसून?"

बाई म्हणाल्या, "प्रवास."

काकांनी नकाशा उघडला. शाळेतलाच, घड्यांवर विरलेला. नदीच्या काठाने पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या, रोजच्या मुक्कामाची एकेक. प्रत्येक खुणेशी पुस्तकांतून शोधून काढलेलं काहीतरी लिहिलेलं: इथे जुना पूल. इथे पाणी हिरवं दिसतं. इथे दुसरी नदी येऊन मिळते. खुणांच्या अकरा ओळी होत्या. बाई उभ्या गाडीत बसून, डाव्या बाजूची खिडकी उघडून, घरचाच चहा पीत अकरा वेळा ती नदी उतरून गेल्या होत्या. दुधाची तहान ताकावर. शेवटी मुखापाशी एक गोल काढलेला होता. त्या गोलाशेजारी मात्र अकरापैकी एकदाही काही लिहिलेलं नव्हतं.

कोरं कार्ड म्हणजे काय, हे काकांइतकं कुणाला कळणार? संग्रहालयात ते अशा वस्तूसाठी ठेवतात जी देईन म्हणून कुणी कबूल केलेलं असतं आणि दिलेली नसते. काकांना लाज वाटली. सडलेल्या भिंतीची नव्हे, त्या गोलाची.

गॅरेजवाली शहाणी होती. ती टायर बघायला खाली उतरली आणि चार टायरांना पुरेल त्यापेक्षा जास्त वेळ तिने लावला. परत आली तेव्हा म्हणाली, "खरं सांगते काका, तुम्ही जी किंमत जपत होतात ती गेली. मी घेतलीच तर भंगाराच्या थोडी वर घेईन."

"आणि नाही विकली तर?"

"मागची भिंत कापून नवी करावी लागेल, छपराचे सांधे, टायर. तीन आठवडे द्या मला. मग चालवलीत तर आणखी पंधरा वर्षं कुठे नाही गेली. पुन्हा झाकून ठेवलीत तर दोन पावसाळे."

"पंधरा," काका पुटपुटले. "म्हणजे मी तेव्हा शहाऐंशीचा."

"आपली किती राहिलीत ते तिला विचारू नका," बाई खालून म्हणाल्या. "तिच्या हातात यंत्र आहे."

काकांना हसू आलं, पण ते पुरतं फुटायच्या आत बाईंनी दुसरा प्रश्न टाकला, आणि तो चेष्टेचा नव्हता. "म्हणजे आता हिची किंमत गेली, म्हणून मला नेणार का?"

काकांनी हातमोजे काढले. एकेक बोट सोडवत, चाळीस वर्षांच्या सवयीने. "नाही. किंमत होती तेव्हाच न्यायला हवं होतं. माझं चुकलं."

बाईंना हे ऐकायची इतकी सवय नव्हती की त्यांनी आधी नवा चष्मा मागून घेतला आणि तो लावून नवऱ्याकडे नीट पाहिलं.

पुढचे तीन आठवडे गाडी गॅरेजात होती. काकांनी घरात एकच काम केलं. स्वयंपाकघरातल्या जुन्या स्टुलाचे पाय करवतीने कापून ते पायरीच्या निम्म्या उंचीचं केलं. जुनी वस्तू कापायची त्यांची ही आयुष्यातली पहिलीच वेळ, त्यामुळे चारही पाय चार मापांचे झाले. दोनदा पुन्हा कापावे लागले. बाई म्हणाल्या, "बस्स आता, नाहीतर पाट होईल त्याचा."

चौथ्या सोमवारी बाई त्या स्टुलावर पाय ठेवून, काकांचा खांदा धरून गाडीत चढल्या. सीटांवरचं प्लास्टिक काकांनी स्वतः फाडलं. दुसऱ्या खुणेपाशी एका फाटकाला घासून उजवी बाजू वीतभर खरवडली. काका उतरले, ओरखडा पाहिला, एक सुस्कारा सोडला आणि परत येऊन बसले. बाईंनी त्यांना एक लिमलेटची गोळी दिली.

सहाव्या दिवशी दुपारी मुख आलं. म्हणजे आलं असावं. सगळीकडे चिखल होता, पाणी होतं, गवत होतं, पक्षी होते, आणि पाणी एकदा पुढे जात होतं, एकदा मागे येत होतं. नदी कुठे संपते आणि समुद्र कुठून सुरू होतो, काही कळत नव्हतं.

काकांनी डाव्या बाजूची खिडकी उघडली आणि 'न वापरलेली' शेगडी पेटवून चहा केला. बाई खिडकीशी बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "अहो, मी मुलांना चुकीचं शिकवलं. बत्तीस वर्षं फळ्यावर टिचकी मारून सांगायचे, नदी इथे मिळते. यात 'इथे' कुठे आहे?" आणि त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

त्यांच्याकडे बघता बघता काकांचा कप कलंडला. पांढऱ्याशुभ्र सीटवर तळहाताएवढा डाग पसरला. दोघंही डागाकडे बघत राहिले. काकांचा हात रुमालाकडे गेला. मग तो तिथून फिरला आणि डाव्या कपाटाकडे गेला, जिथे कोऱ्या कार्डांचा गठ्ठा होता. त्यांनी एक कार्ड घेतलं, मांडीवर ठेवलं, आणि मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं:

'चहाचा डाग. स्थळ: नदीचे मुख. पुसू नये.'

बाईंनी चष्मा लावून ते वाचलं, तारीख राहिलीय म्हणून परत दिलं, आणि तोवर नकाशा काढून त्या कोऱ्या गोलाशेजारी पेन्सिलीने लिहिलं: पाहिलं.