चौथ्या महिन्याचं मशीन

शेवंताला राग आला की ती गप्प बसून भांडी घासायची, आणि त्या दिवशी घरात घासायला भांडं उरलं नव्हतं.

सून बकुळाला दिवस जाऊन दोन महिने होत आले होते. परवापासून ओटीपोटात उजव्या बाजूला कळ मारत होती, वर डागही लागायला लागला होता. बाईडॉक्टर बोलली होती, आधी सोनोग्राफी करा. गर्भ पिशवीत आहे की नळीत अडकलाय ते बघायला हवं. नळीत असला तर नळी फुटते आणि बाई हातची जाते.

शेवंताचा लेक हिरामण कापडाच्या लूमच्या कारखान्यात मुकादम. त्याने शर्टाची बटणं लावता लावता निकाल दिला. "आत्ता काय दिसणार, मुगाएवढं? चौथ्या महिन्यात जाऊ. सगळं एकदमच कळेल."

सगळं म्हणजे काय, ते विचारायची गरज नव्हती. घरात दोन मुली होत्या. धामणकर नाक्यावरच्या सोनोग्राफीच्या मशीनला अख्खी वस्ती चौथ्या महिन्याचं मशीन म्हणायची. बंदी आली तरी कुठे ना कुठे खुणेने सांगतात, असं बायका नळावर बोलायच्या. बाईचं दुखतंय म्हणूनही त्यात बघतात, हे कुणाच्या डोक्यात नव्हतं. परवापर्यंत शेवंताच्याही नव्हतं.

हिरामण ड्युटीवर गेला तशी शेवंता उठली. "चल गं. आदी मोकळी होऊन ये, रस्त्याला खड्डे हायत."

रिक्षात प्रत्येक खड्ड्याला बकुळा सासूचं मनगट आवळत होती आणि शेवंता मनातल्या मनात म्युन्सिपाल्टीपासून लेकापर्यंत सगळ्यांचा उद्धार करत होती.

दवाखान्यातल्या मुलीने विचारलं, "लघवी लागलीये का? भरल्याशिवाय आतलं नीट दिसत नाही."

"मीच धाडली तिला निघताना," शेवंता म्हणाली.

"मग पाणी पाजा आणि बसा."

आता शेवंताचा राग फिरून तिच्याच अंगावर आला. ती माठापाशी उभी राहून एकामागून एक पेले भरत राहिली.

"आत्या, पाजताय का बुडवताय?" बकुळा कळ दाबून हसली.

"पी मुकाट."

तेवढ्यात केसांत कापसाचा भुगा घेऊन हिरामण जिना चढून आला. शेजारच्या आबिदाने त्याला सांगितलं होतं. "आय, मी नको म्हटलं होतं ना? चौथ्यात परत आणायला लागेल हिला."

"चौथ्यात कुनाला आननार तू? ती ऱ्हायली पायजे ना तवर."

"तू उगाच घाबरवतेस तिला."

"तिला न्हाय, तुला घाबरवत्ये. पन तू घाबरशील तर शपथ."

बाकावरच्या बायका पदराआड हसल्या. हिरामण खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. बकुळाचा नंबर आला. तिने चपला काढल्या आणि वाकून चालत आत गेली.

थोड्या वेळाने डॉक्टर स्वतः बाहेर आल्या. "पिशवी रिकामी आहे. गर्भ उजव्या नळीत आहे. अजून फुटलेली नाही, पण थांबू नका. ठाण्याला न्या, ऑपरेशन लागेल. मी फोन करून ठेवते."

"वाचंल ना ती?" शेवंताने विचारलं.

"वेळेत आणलंत. वाचेल."

हिरामणने ओठांवरून जीभ फिरवली. "डॉक्टर, मग ते... काय होतं, कळलं का?"

डॉक्टरांना आधी प्रश्नच कळला नाही. शेवंताला कळला. तिचा हात वर गेला, पण तेवढ्यात आतून बकुळाची हाक आली. "आत्या, बाथरूमला जायचंय हो, आता न्हाय ऱ्हावत."

शेवंताने हात खाली घेतला. वाकून बकुळाच्या चपला उचलल्या आणि लेकाच्या छातीवर दाबून धरल्या.

"ह्या धर. खाली जाऊन टॅक्सी बघ. आनि ती बरी होऊन घरी येईस्तवर तोंड उघडू नको."

मुकादम बायकोच्या चपला छातीशी धरून जिना उतरला. शेवंता सुनेला धरायला आत गेली.