केसरच्या घरची कावीळ

देवाच्या दारी सगळे सारखे, असं चंदरबुवांच्या मंडपावर लिहिलं होतं. आत रांगा दोन होत्या. ज्यांच्या होडीला इंजिन, त्यांची पुढे.

रेवदंड्याच्या खाडीवरचा हा कोळीवाडा एकेचाळीस घरांचा. चाळीस घरांत कावीळ होती. बुवा रोग्याच्या हातांना तीर्थ चोळायचे, मग ते हात घमेल्यातल्या स्वच्छ पाण्यात बुडवायचे. पाणी पिवळंधमक व्हायचं.

"बघा, सगळी कावीळ उतरली."

उतरलेल्यांपैकी दोघांना आठवड्याभरात स्मशानात पोचवलं होतं. त्यांची श्रद्धा कमी पडली, असं बुवांनी मागाहून निदान केलं.

एकेचाळिसावं घर केसरचं. मुलाने जातीबाहेर लग्न केलं म्हणून सहा वर्षांपूर्वी गावकीने तिला वाळीत टाकलेलं. कायद्याने याला बंदी आहे, म्हणून ठराव तोंडी केला होता. बोलणं बंद, दुकान बंद, नळ बंद. मुलगा मुंबईला कामाला; केसर आणि तिची सून डोंगराच्या झऱ्यावरून हंडे आणायच्या. पाच वर्षांची नात तेजस्वी शाळेत एकटी बसायची. पण घरात कावीळ कुणालाच नव्हती, आणि गावाला तेवढा पुरावा पुरला.

"करणी हिचीच," बुवा म्हणाले. "घर रिकामं करा, रोग जाईल."

"केसर, उद्या निघायचं," गावकीचे प्रमुख हिरामण नाखवा म्हणाले. सहा वर्षांत ते तिच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

मंडपात उभ्या केलेल्या केसरच्या नाकात तीर्थाचा वास गेला. नवी नवरी होती तेव्हा सासऱ्यांची सुती जाळी टिकावीत म्हणून ती झाडांच्या साली उकळायची. त्याच हातांनी पानाला चुना लावला की बोटं पिवळी व्हायची.

"बुवा, ही आंब्याची साल हाय," ती म्हणाली. "आन घमेल्यात चुन्याची निवळी."

"बाई विटाळलेली आहे. हिचे हात पाण्याला लागू देऊ नका."

"माजे नको. तुमचेच बुडवा."

बुवा सकाळपासून तीर्थ चोळत होते. त्यांनी हात मागे घेतले, तेव्हा केसरने घमेलंच त्यांच्यावर ओतलं. हात कोपरापर्यंत पिवळे झाले.

"बुवांना पण हाय की," मागून कुणीतरी म्हणालं.

उपकेंद्राच्या नर्स कल्पिताबाई दोन महिने जे सांगत होत्या, ते त्यांनी पुन्हा सांगितलं. "नळाचा पाइप गटारात फुटलाय. संडासाचं पाणी त्यात शिरतं, तेच तुम्ही पिता. हिला तुम्ही पिऊ दिलं नाही, म्हणून ही धड आहे. पाणी उकळा, पाइप उचला, आजारी माणसाला दवाखान्यात न्या. यात देवही नाही आणि करणीही नाही. डोळे उघडे ठेवा, एवढंच."

बुवा रिक्षाने गेले. गावकी बसली. पाइप उचलायला गटारावर बांधलेला नाखवांचा नवा ओटा फोडावा लागणार होता, म्हणून तो विषय पुढच्या बैठकीवर गेला. केसरवर अन्याय झाला हे मात्र एकमताने मान्य झालं. तिला गावात परत घ्यायचं ठरलं. त्याचा रिवाज असा, की घरातल्या प्रत्येकाने गावासमोर गावचं पाणी प्यायचं.

"उकळून आणू का?" केसरने विचारलं.

"गावचं पाणी उकळून पिणार? मग वाळीतच बरी हाय की तू," नाखवा म्हणाले.

केसरने तेजस्वीकडे पाहिलं. दोन पोरी आताच तिच्या बाजूला येऊन बसल्या होत्या. केसर प्यायली, सून प्यायली, मग पेला तेजस्वीच्या हातात दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तेजस्वीला कावीळ सव्वीस दिवसांनी झाली.