गुरुजींची माफी

गहिनीनाथ गुरुजी पारध्यांच्या पालांवर माफी मागायला येणार, असं वडवणीच्या बाजारात कुणी म्हणालं असतं तर आश्रुबा त्याच्या तोंडावर हसला असता. पण आले, बाबा! जीपमधून आले, पांढरीधोट टोपी घालून, सोबत फोटोवाला घेऊन. जीप म्हणजे पोलीस, एवढंच ठाऊक असलेले बाप्ये ओढ्याकडं पळाले. आश्रुबा तेवढा जागचा हलला नाही. कसा हलणार? समोर तोच माणूस उभा होता, ज्याच्या चिंचेच्या फोकेचे वळ त्याच्या पाठीवर अजून होते.

सात वर्षांचा असताना त्याला याच गुरुजींच्या आश्रमशाळेत घातलं होतं. तिथं आपल्या बोलीत एक शब्द काढला की एक फोक. आईनं ठेवलेलं नाव गेलं. आश्रुबा हे रजिस्टरातलं नाव, ते चिकटलं ते चिकटलंच. चार वर्षांनी कुंपणावरून उडी मारून पळून आला, तेव्हा स्वतःची आई काय बोलते ते त्याला धड कळेना. नव्यानं शिकावं लागलं बिचाऱ्याला. ती म्हातारी जाईपर्यंत त्याला पाहुणा म्हणून चिडवायची.

आणि आता तेच गुरुजी सगळ्या पालांसमोर हात जोडून म्हणाले, "आश्रुबा, लेकरा, लई मारलं मी तुला. चुकलं माझं." म्हणाले आणि चक्क वाकले. आश्रुबा हमसून हमसून रडला. पंचवीस वर्षं तो या एका वाक्याची वाट बघत होता, हे त्याचं त्यालाच तेव्हा कळलं.

मग गुरुजी खाटेवर बसले, काळा चहा प्यायले. "आता जमाना बदलला," म्हणाले. "गावोगाव टीव्ही आले, फोन आले. तुमची पोरं मागं कावून ऱ्हावीत? शाळंत तुमचीच बोली बोलू द्या त्यांना. कुणी बोट लावणार न्हाई."

"आन् हिचे केस?" मांडीवरच्या लेकीचं डोकं कुरवाळत बायनाबाईनं विचारलं. ही आश्रुबाची बायको. तिची पहिली दोन लेकरं पाळण्यातच गेली. तिसरी झिपरी जगली, ती देवीला नवस बोलल्यावर. नऊ वर्षांची होईतो केसाला लोखंड लावायचं नाही, मग मामानं देवीसमोर कापायचे. मधेच कुणी कापले तर देवी लेकरू परत नेते, हे बायनाबाईला उन्हासारखं स्पष्ट दिसत होतं. पोरगी सहा वर्षांची होती.

गुरुजी उठले. पालातल्या देवीपुढं बसले, ओंजळीत पाणी घेतलं आणि "हिच्या केसाला हात लागणार न्हाई" अशी शपथ घेऊन सोडलं. झालं! देवीपुढं पाणी सोडलेल्या माणसाला पारधी दुसऱ्यांदा विचारत नाहीत. शेजारचा सुग्रीव हळूच म्हणाला, "कागुद करून घ्यावा का?" तर आश्रुबा त्याच्याच अंगावर आला, "पाणी सोडलंय त्यांनी! कागुद काय त्याच्यापरीस मोठा हाय?" बायना तरी लेकीला घट्ट धरून बसली होती. तेव्हा आश्रुबा म्हणाला, "मी जामीन. माझ्या शब्दावर दे." दिली तिनं. तिच्या मागोमाग पालांतली आणखी नऊ पोरं जीपमधे बसली.

तीन आठवड्यांनी आश्रुबा लेकीला भेटायला शाळेत गेला. कारकून म्हणाला, "कोण झिपरी? असली पोरगी न्हाई इथं." आश्रुबा तसाच आत घुसला. आवारात पोरींची रांग बसली होती, सगळ्यांची डोकी तुळतुळीत. स्वतःची लेक त्याला ओळखू येईना! एक पोर उठून पळत आली, तेव्हा कुठं कळलं. तिला आता तेजश्री म्हणत होते. त्यानं तिला उचललं आणि आपल्या बोलीत विचारलं, "जेवलीस का?" पोरीनं आधी मागं वळून बघितलं, मग बापाच्या तोंडावर हात ठेवला.

"तसं बोलू नका," ती मराठीत म्हणाली. "मार बसतो."

पोरीला कडेवर घेऊन तो तसाच हापिसात शिरला. गुरुजी पेपर वाचत होते. "ये ये, बस. अरे, उवा झालत्या. आन् उद्या परदेशी पाव्हणे येत्यात, पोरं नीटनेटकी नगंत का?"

"तुमी देवीम्होरं पाणी सोडलं व्हतं."

गुरुजी हसले. कुत्सितपणे सुद्धा नाही, लहान पोराला हसावं तसं. "आरं येड्या, देवी तुमची. तुमचं समाधान व्हावं म्हणून सोडलं. ते बघ, तुझा फोटो कसा झ्याक आलाय!"

भिंतीवर काचेच्या चौकटीत गुरुजी वाकले होते आणि आश्रुबा रडत होता. पाव्हण्यांना दाखवायला टांगलेला. त्याची पंचवीस वर्षं तिथं खिळ्याला लटकत होती. आश्रुबाला वाटलं फोडावी ती काच, ह्याच्या टाळक्यात घालावी. पण पारध्यानं हात उचलला की पुढं काय होतं, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं पोरगी घेतली आणि फाटकाबाहेर पडला.

वाटभर तो गुरुजींना शिव्या देत आला. मोठ्यानं, आपल्या बोलीत. त्यानं दगा दिला, देवी खोटी पाडली, माझं रडणं भिंतीवर टांगलं. पोरगी खांद्यावरून सारखी मागं वळून बघत होती. पालांजवळ आल्यावर त्यानं तिला खाली उतरवलं आणि बायनापुढं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

बायनाबाई आधी लेकीच्या बोडक्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. कपाळ तापलंय का बघितलं, छातीला कान लावला. मग नवऱ्याकडं वळली.

"बास करा. त्या मास्तरला मी वळखत बी न्हाई. त्यो परका माणूस, त्यो मला काय दगा दील? मी त्याला लेक दिलीच न्हवती." तिचा आवाज चढला नव्हता. "तुमी त्या शाळंतून पळून आलता. आत काय हाय ते ह्या पालांत तुमाला एकट्याला म्हाईत व्हतं. त्यानं चार शब्द गोड बोलले, आन् तुमी माझी लेक नेऊन दिली."

आश्रुबानं मान वर केली. पलीकडच्या पालांमधून नऊ आया त्याच्याकडंच येत होत्या.