यकृताच्या जागी

त्या सकाळी बीबीजान ओट्यावर तांदूळ निवडत होती आणि तिची मुलगी शमशाद शाळेला निघायच्या घाईत होती. कोळवणच्या शाळेत ती शास्त्र शिकवायची. काळीज म्हणजे हृदय नव्हे, यकृत, हे पोरांकडून दहा-दहा वेळा लिहून घ्यायची.

"पौडच्या डागदरला चिठ्ठी दे लिहून," बीबीजान म्हणाली. "परक्या गड्याला काय सांगू? लिही, काळजात कळ येतीया, हात जड पडतोय."

शमशादनं खाली मान घालूनच लिहिलं : यकृताच्या जागी वेदना, अशक्तपणा. अम्मानं हात कुठं धरला होता, ते तिनं पाहिलंच नाही.

डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली, उजव्या बरगडीखाली दाबलं, तेलकट बंद करायला सांगितलं, गोळ्या दिल्या. संध्याकाळी बीबीजान कौतुकानं सांगत होती, तुझं अक्षर डागदरला लई आवडलं.

दुसऱ्या दिवशी ती चुलीपुढं कलंडली, ती उठलीच नाही. मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलं होतं : हृदयविकार. तो शब्द शमशादनं दोनदा वाचला. चिठ्ठीचं ती कुणापाशी बोलली नाही.

गाव डॉक्टरला शिव्या घालत होतं. शमशाद शिव्या देत नव्हती, पण आतून धुमसत होती. छातीला नळी लावायला या माणसाचे हात झडले होते? बाई समोर बसलेली, आणि हा कागद तपासत होता. अक्षर म्हणे आवडलं!

अम्माचा चाळिसावा दिवस झाल्यावर धाकट्या भावानं, हाफीजनं, तिला पौडला ओढत नेलं. तू शिकलेली, तूच जाब विचार, म्हणाला.

डॉक्टरांनी केसपेपरला टाचलेली चिठ्ठी पुढं सरकवली. "यात यकृत लिहिलंय. तुम्हा लोकांना धड दुखणंही सांगता येत नाही, त्याला मी काय करू?"

हाफीज भडकला. "अडाणी हुती आमची अम्मा. चुकलं आसंल तिचं सांगायला. म्हणून जीव घ्यायचा व्हय?"

शमशादनं चिठ्ठीवर हात ठेवला.

"अम्मा चुकली नाही, हाफीज. ती काळीजच म्हणाली होती. यकृत मी लिहिलं." मग ती डॉक्टरांकडं वळली. "आणि कुठं दुखतंय, हे तिला तुम्ही विचारलं नाही. मीही नाही."