मांडीवर पालथी पडलेली पाटी

माझ्या लाकडी चौकटीच्या खालच्या पट्टीवर, आतल्या कडेला, बारीक टोचे आहेत. आधी तीन, मग नखाएवढी मोकळी जागा, मग आठ. त्यांच्याखाली एक, पुन्हा जागा, आणि चार. त्याखाली तीन, आणि शेवटच्या ओळीत पुन्हा तीन. एकूण बावीस. करवंदीच्या काट्याने, न बघता, घाईघाईने केलेले. तरी एकही चुकलेला नाही. मित्रांनो, मी एक जुनी दगडी पाटी आहे. या बावीस टोच्यांना चोरी म्हटलं गेलं. त्याचा राग अजून माझ्या दगडात आहे, म्हणून बोलते.

माझा दगड कुठल्या खाणीतला ते मला ठाऊक नाही. मला आठवतं ते पालीच्या बाजारातलं दुकान आणि १९८४ सालचा जून. सोनूबाई नावाच्या एका शेतकरणीने मला उचललं आणि बोटाच्या पेराने वाजवून बघितलं.

"तडा नाय ना ओ?"

"तडा असता तर आवाज बसका आला असता, वहिनी," दुकानदार म्हणाला. "ऐका, कशी खणखणीत आहे."

सोनूबाईचा नवरा मुंबईला गिरणीत होता. भातशेती आणि घर ती एकटी बघायची. तिची मुलगी मैना त्या वर्षी चौथीत गेली होती. मी मैनाची झाले.

पहिले काही दिवस फार छान गेले. मैनाचं अक्षर नेटकं होतं. लिहून दिलेलं गणित ती कधी चुकली नाही. पुसतानासुद्धा ती मला कडेपासून मध्यापर्यंत पुसायची, चौकट ओली होऊ नये म्हणून.

मग पहिला शनिवार आला.

शनिवारी सकाळी आमच्या शाळेत तोंडी हिशेब असायचे. ते घ्यायला मुख्याध्यापक महिपत गुरुजी स्वतः यायचे. "पाट्या पालथ्या!" ते म्हणायचे, आणि आम्ही सगळ्या पाट्या एका आवाजात मांड्यांवर पालथ्या पडायचो. गुरुजी गणित एकदाच सांगायचे. दुसऱ्यांदा सांगितलं की मुलं आळशी होतात, असं त्यांचं मत होतं. लिहायचं नाही, बोटं मोजायची नाहीत, उत्तर डोक्यात काढायचं. चुकला तो कान धरून उभा.

मैना उभी राहिली. पुढच्या शनिवारीही. वर्गातला हुशार काशीराम तिला म्हणायचा, "काय गो गळकी कळशी, आज किती थेंब उरले?" आणि सगळा वर्ग हसायचा. गुरुजीही हसायचे. ते मला फार लागायचं.

कारण मला माहीत होतं, ते त्यांना माहीत नव्हतं. मित्रांनो, प्रत्येकाच्या डोक्यात माझ्यासारखीच एक पाटी असते. ऐकलेलं तिच्यावर थोडा वेळ धरून ठेवायचं, त्याचं काम करायचं आणि पुसून टाकायचं. कोणाची ही पाटी मोठी असते, कोणाची लहान. मैनाची लहान होती. तीन गोष्टी ओळीने सांगितल्या की पहिली निसटायची. पण समज लहान नव्हती. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या वेगळ्या आहेत हे मोठ्या माणसांना कळू नये, याचा मला संताप येतो.

आणखी एक सांगते. भीती राहायला दुसरीकडे कुठे जात नाही. ती त्याच छोट्या पाटीवर येऊन मोठ्या अक्षरांत लिहिते. 'आता मी चुकणार' एवढं लिहून झालं की गणितातल्या नारळांना आणि आंब्यांना जागाच उरत नाही. मग मुलगी चुकते. चुकली की बोलणी खाते. बोलणी खाल्ली की पुढच्या शनिवारी भीतीचं अक्षर आणखी मोठं होतं. मला पुसायला ओलं फडकं लागतं. मैनाच्या डोक्यातली पाटी गुरुजींच्या नुसत्या खाकरण्याने पुसली जायची.

मी तिच्या मांडीवर असायचे, म्हणून मला कळायचं. शनिवारी तिचे तळवे इतके घामेजायचे की माझी चौकट फुगायला लागली. दिवाळीपर्यंतच्या सोळा शनिवारांपैकी अकरा शनिवारी तिच्या पोटात दुखलं. रविवारी एकदाही नाही. दिवाळीनंतर ती आट्यापाट्या खेळायला जाईनाशी झाली. ताटात भात तसाच राहायचा. हाक मारली तर ती हळूच "ओ" द्यायची, आणि तिचा आवाज बसका येऊ लागला. पाटी घेताना लोक वाजवून बघतात. मुलीला कोणी वाजवून बघितलं नाही. सोनूबाईने देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. तिला दुसरं काय सुचणार?

पण माझा खरा राग गुरुजींवर नव्हता. तो मथुराबाईंवर होता. त्या चौथीच्या वर्गशिक्षिका. जुलैमध्येच त्या मैनाला म्हणाल्या होत्या, "फळा पूस, खडू आण, खिडकी लाव आणि घंटेचा दांडा दे." मैनाने खिडकी लावली, दांडा आणला आणि गोंधळून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी बाईंनी तशीच चार कामं माझ्यावर लिहून दिली. चारही झाली, क्रमाने. बाईंनी माझ्याकडे बघितलं, मैनाकडे बघितलं. "हं," म्हणाल्या. आणि पुढचे आठ महिने गप्प राहिल्या. त्यांच्या नोकरीचा वार्षिक शेरा गुरुजी लिहायचे, आणि गुरुजींना नाही म्हणणाऱ्या मागच्या बाईंची बदली थेट लांबच्या मंडणगडला झाली होती. गुरुजींना कळत नव्हतं. बाईंना कळत होतं. मग जास्त राग कोणाचा यावा?

मार्चमधल्या एका शनिवारी गुरुजींनी गणित सांगितलं. "अडतीस नारळ. चौदा विकले. तीन कुजके निघाले. उरलेले तिघांत सारखे वाटले. प्रत्येकाला किती?"

मी पालथी होते. माझ्या चौकटीवर टक, टक असं काहीतरी बोचू लागलं. मैनाने येताना करवंदीचा काटा मोडून मुठीत आणला होता.

"सात," ती म्हणाली. वर्षभरात पहिल्यांदा, सगळ्यांच्या आधी.

काशीरामचं तोंड उघडंच राहिलं. गुरुजींनी मला ओढून घेतलं, बोटांनी चाचपलं. "चोरी! पाटीवर खुणा करून आलीस?"

चोरी कसली? तिने उत्तर लिहिलं नव्हतं, प्रश्न लिहिला होता!

सोमवारी सोनूबाईला शाळेत बोलावलं. ती दारातच उभी राहिली, पदर हातात घट्ट धरून.

"मुलीचं नाव काढून घ्या," गुरुजी म्हणाले. "परीक्षेला बसली तरी नापासच होणार. डोक्यात काही राहत नाही, आणि आता चोरी. मुंबईला तिच्या चुलतीला मूल सांभाळायला कोणी हवंय म्हणत होतात ना? पाठवा हिला."

"गुरुजी, घरात समदं करते ओ ती. एकेक सांगितलं तर..."

"शाळा एकेक सांगायला बसलेली नाही." गुरुजी मैनाकडे वळले. "काय गो, जाशील ना मुंबईला?"

"बरं," मैना म्हणाली.

ती रडली असती तर मला इतकी भीती वाटली नसती. दहा वर्षांची मुलगी शाळा सोडायला 'बरं' म्हणते, तेव्हा तिच्या आत काहीतरी तडकलेलं असतं. मित्रांनो, तुमच्या शेजारचं कोणी असं 'बरं' म्हणू लागलं तर त्याला हसू नका. त्याला एक गोष्ट सांगा, थांबा, मग दुसरी सांगा. लिहून ठेवायचं असेल तर लिहू द्या. एवढ्याने कोणाचंही काही कमी होत नाही.

गुरुजींनी नाव काढायचा अर्ज पुढे सरकवला. मी टेबलावर पडले होते. बाजूला उभ्या असलेल्या मथुराबाईंनी मला उचललं. त्यांचा अंगठा माझ्या चौकटीवरून सावकाश फिरू लागला.

"तीन. आठ," त्या हळू म्हणाल्या. "अडतीस नारळ. एक, चार. चौदा विकले."

"काय वाचताय, बाई?"

"तुमचं गणित, गुरुजी. हिने जसंच्या तसं उतरवलंय. उत्तर डोक्यातच काढलंय."

"मग? नियम काय आहे? आणि तुम्ही मला शिकवू नका. मंडणगडला जागा रिकामी आहे, ठाऊक आहे ना?"

बाईंनी गुरुजींकडे बघितलं, मैनाकडे बघितलं. मला वाटलं, झालं, पुन्हा "हं". पण त्यांनी मला मैनाच्या हातात दिलं, सरळ, लिहायची बाजू वर करून. मग त्या दारापर्यंत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या.

"मंडणगडला पाठवा मला. पण मी इथे आहे तोवर चौथीचा वर्ग माझा आहे. मैनाचं नाव निघणार नाही, आणि या शनिवारपासून माझ्या वर्गात एकही पाटी पालथी होणार नाही."